पॅसेजमधलं जुनं मशीन

माझं शुद्धलेखन कच्चं आहे. पहिली वेलांटी कुठे आणि दुसरी कुठे हे मला चौथीतही नीट कळलं नव्हतं, आणि चौथीनंतर शाळाच सुटली. अक्षर तर असं की काल लिहिलेलं आज मलाच लावून वाचावं लागतं. त्यात इतकी वर्षं चेन्नईत गेल्यामुळे मधूनच एखादा तमिळ शब्द येतो. कोणाच्या हाती हे पडलंच तर त्यांनी सांभाळून घ्यावं. खरं म्हणजे कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही. मला चारचौघांत बोलता येत नाही, बोलायचं ते पोटात राहतं आणि मग झोप लागत नाही. कागद मुलाचे आहेत. एका बाजूला त्याचं इंग्रजी छापलेलं, दुसरी बाजू कोरी.

आमचा संसार चेन्नईजवळच्या आवडी गावात झाला. ह्यांची नोकरी तिथल्या सरकारी कारखान्यात, रणगाड्यांचे भाग बनवायची. आमच्या क्वार्टर्समध्ये घड्याळाची गरज नव्हती, कारखान्याचा भोंगा होता. सकाळचा भोंगा, जेवणाचा भोंगा, जेवण संपल्याचा भोंगा, सुटीचा भोंगा. भोंगा झाला की कुकर उतरवायचा, भोंगा झाला की मुलाला शाळेतून आणायला निघायचं. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावी लागली आणि आम्ही चेन्नईतच वेस्ट मांबलममध्ये दुसऱ्या मजल्यावर भाड्याने आलो. तिथे भोंगा नव्हता. पण ह्यांचं जेवण त्याच वेळेला, झोप त्याच वेळेला, उठून चहा त्याच वेळेला. मी म्हणायची, अहो, आता कोण तुमची हजेरी मांडतंय? ते नुसते हसायचे.

मुलगा इंजिनियर झाला होता. एका कंपनीत लागलाही होता. ती सोडून त्याने आणि त्याच्या मित्राने स्वतःचं काम सुरू केलं. जागा घ्यायला पैसे नव्हते म्हणून आमच्या हॉललाच ऑफिस केलं. दिवाण बाहेर गेला, प्लायवूडच्या फळ्या आल्या, त्यावर कॉम्प्युटर ओळीने बसले. ते तेव्हाचे मोठ्या डोक्याचे कॉम्प्युटर. हॉलमध्ये माणसाला बसायला जागा उरली नाही. ह्यांची खाट पॅसेजमध्ये गेली आणि मी स्वयंपाकघरात.

मित्र तंजावरकडचा. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, पण ते आपल्या मराठीसारखं नाही. तमिळच्या चालीवर बोलतात आणि मध्येच असा जुना शब्द टाकतात की माझी आजी आठवावी. मला मावशी म्हणायचा. पहिल्याच दिवशी माझी आमटी खाऊन म्हणाला, "मावशी, चोखट झाली आहे हो!" आमच्या गावाकडे चोखट कोणी म्हणत नाही आता. मला इतकी लाज वाटली की मी पदर सावरत आत गेले. आतून मात्र बरं वाटलं.

त्यांना काम मिळालं ते गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्याचं. तिथे लोखंडाच्या सळया करतात. लालभडक सळई एका मशीनमधून निघून दुसऱ्यात शिरते, तिथून तिसऱ्यात, अशी पळत जाते. प्रत्येक मशीनजवळ एक कॉम्प्युटर. सळई किती जोरात येते आहे, किती तापलेली आहे, हे सगळ्यांना एकाच क्षणी कळलं पाहिजे. मित्राने मला पोळ्या लाटताना हे समजावलं होतं.

"एकेकाला सांगत बसलं तर काय होईल, मावशी? शेवटच्याला कळेपर्यंत सळई त्याच्या पोटातून निघून गेली असणार."

"मग मोठ्याने ओरडून सगळ्यांनाच सांगायचं."

"मग ज्यांचा संबंध नाही त्यांचेही कान किटतात. हिशेबाचे कॉम्प्युटर आहेत, गेटवरचा आहे. त्यांना सळईचं काय? म्हणून आम्ही गट करणार. ज्याला ऐकायचं आहे त्याने आधी सांगायचं, मला घ्या. मग एकाने एकदाच बोलायचं आणि गटातल्या सगळ्यांनी एकदम ऐकायचं. मल्टिकास्ट म्हणतात त्याला."

मला ते तेव्हा समजलं असं नाही. मी मान हलवली. पोळी करपत होती.

ह्या कामाला फार वेगवान नेटवर्क लागणार होतं. सगळ्या तारा जिथे येतात तो डबा, त्याला स्विच म्हणतात, तोच इतका महाग की किंमत ऐकून हे खाटेवर उठून बसले. आणखी कॉम्प्युटर लागणार होते. कारखान्याने थोडी आगाऊ रक्कम दिली होती, ती कुठल्या कुठे गेली. बँकेने हॉलमधल्या ऑफिसला कर्ज दिलं नाही. तेव्हा वन्संचा विषय निघाला.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. आवडीतच राहतात. त्यांचे यजमान ह्यांच्याच कारखान्यात होते, नोकरीत असतानाच गेले. त्यांचा जो फंड आला तो वन्संनी हात न लावता मुलीच्या लग्नासाठी ठेवला होता. आम्ही तिघे आवडीला गेलो. मला वाटत होतं, नको. विधवा बाईचे पैसे, मुलीच्या लग्नाचे. सांगायचं म्हणून मी दोनदा पदराचं टोक पिळलं, पण तोंडातून शब्द निघाला नाही. मी चहा करायला उठले.

मुलगा म्हणाला, "आत्या, पुढच्या उन्हाळ्याच्या आत देतो."

"उन्हाळा कुठला रे? इथे बारा महिने उन्हाळाच," वन्सं म्हणाल्या. "पोरीचं लग्न ठरायच्या आत दे म्हणजे झालं. ठरलं की मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, एवढं लक्षात ठेव."

"अक्का, मी आहे ना," हे म्हणाले.

वन्संनी त्यांच्याकडे बघितलं. "तू आहेस म्हणूनच देतेय. त्या डब्याबिब्यातलं मला काही कळत नाही."

स्विच आला. हॉलमध्ये मध्यभागी ठेवला. पुढे सगळी भोकं आणि हिरवे दिवे. त्याची पूजा केली, नारळ फोडला, पाणी उडेल म्हणून मित्राने वर पेपर धरला होता. सगळ्या कॉम्प्युटरच्या निळ्या तारा त्यात गेल्या. हॉलमध्ये एक जुनं मशीन जास्तीचं होत होतं, मुलाच्या कॉलेजातलं. त्यावर मित्राने काहीतरी बसवलं आणि जागा नाही म्हणून ते पॅसेजमध्ये ह्यांच्या खाटेच्या पायथ्याशी ठेवलं. त्याला पडदा नव्हता, कळफलक नव्हता. नुसता डबा, घरघर करणारा. त्याची एक तार हॉलमध्ये स्विचला गेली, दुसरी भिंतीतल्या प्लगला. मग त्याच्याकडे कोणी बघितलं नाही. मी रोज त्याच्यावरची धूळ पुसायची तेवढीच.

कारखान्याची अट अशी होती की एक अख्खा दिवस सगळं न थांबता चालवून दाखवायचं. त्यांचा मॅनेजर येऊन बघणार. तो हो म्हणाला की पैसे मिळणार, मग गुम्मिडिपूंडीला जाऊन बसवायचं.

आणि ते अख्खा दिवस काही चालेना.

सकाळी सुरू करायचे, उत्तम चालायचं. एक मशीन बोलतंय आणि बाकीच्या पडद्यांवर आकडे एकदम पळतायत. मलाही बघायला आवडायचं, दारातून. दुपार झाली, जेवणं झाली, की पडदे थिजायचे. बोलणारं मशीन बोलतच असायचं, ऐकणारी ऐकत नसायची. पोरं ताटावरून उठायची. तारा काढ, तारा घाल, हे बंद कर, ते चालू कर. तास-दीड तास घालवून काही होत नसे. आणि चहाच्या वेळेला सगळं आपोआप सुरू व्हायचं, जसं काही झालंच नाही.

सुरुवातीला चेष्टा चालायची. मित्र म्हणायचा, "जेवलं की झोपतात. सरकारी मशीन आहेत, मावशी."

पॅसेजमधून ह्यांचा आवाज यायचा, "सरकारी मशीन कधी असं बंद पडलं नाही हो! खासगीत हे चालतं."

पण रोज तेच व्हायला लागल्यावर चेष्टा संपली. मुलाला वाटलं, दुपारच्या उकाड्याने होतंय. खिडक्यांवर जाड चादरी लावल्या. त्या ओल्या ठेवायच्या. ते वर्ष पाण्याच्या टंचाईचं होतं. नळाला पाणी नाही, गल्लीत मेट्रोवॉटरची लॉरी यायची. आली की खालच्या मजल्यावरची बाई ओरडायची आणि आम्ही प्लास्टिकचे कुडम, म्हणजे घागरी, घेऊन पळायचो. रांगेत भांडणं, कोणाचा कुडम पुढे सरकवला, कोणाचा मागे. मला भांडता येत नाही, त्यामुळे मी मागे. भरलेला कुडम कमरेवर घेऊन दोन मजले चढायचे. आणि मग त्यातलं पाणी त्या चादरींवर शिंपडायचं. धुणं दोन दिवसांनी, आंघोळ अर्ध्या बादलीत, पण चादरी ओल्या. माझी कंबर तेव्हा धरली ती अजून सुटलेली नाही. चादरी ओल्या राहिल्या आणि दुपारी पडदे थिजायचे ते थिजतच राहिले.

मग वाटलं व्होल्टेज. त्यासाठी एक मशीन आलं. मग वाटलं तारा खराब. नव्या तारा आल्या. सगळं वन्संच्या पैशातून. मुलगा वाळला. जेवताना बोलायचा नाही. मित्राची आमटीची हौस गेली, घास हातात धरून बसायचा. मी वाढायची, उचलायची, पाणी भरायची. घरात एवढी माणसं असून दिवसभरात माझ्याशी कोणी चार शब्द बोलायचं नाही. मी तशीही बोलणारी नाही. पण दमलेल्या माणसाला कोणी नुसतं काय गं म्हटलं तरी बसायला निमित्त होतं.

एकदा मॅनेजर येऊन गेला. पोरांनी नको म्हटलं तरी तो जाता जाता आला. सकाळी बघून खूश झाला, मी केलेला उपमा खाल्ला. बोलत बसला आणि दुपार झाली. पडदे थिजले. त्याने चष्मा पुसला, तमिळमध्ये एवढंच म्हणाला की नीट झालं की कळवा. पायऱ्या उतरतानाचे त्याचे बूट मला अजून ऐकू येतात.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वन्संच्या मुलीचं लग्न ठरलं.

वन्सं स्वतः सांगायला आल्या. आवडीहून ट्रेनने, मग मांबलम स्टेशनवरून चालत. पेढे आणले होते. पैशांचं काही बोलल्या नाहीत. न बोलणं मला जास्त जड गेलं. मी मान खाली घालून भात वाढला. हॉलमध्ये पोरं कॉम्प्युटरसमोर, पडदे चालू. आत आम्ही. वन्सं म्हणाल्या, "मुलगा चांगला आहे, बँकेत आहे. त्यांचं मागणं काही नाही. पण आपल्याला करायला नको का?"

"करायचं ना, अक्का," हे म्हणाले. त्यांनी ताटातला भात तसाच ठेवला. त्यांच्या आयुष्यात मी तेवढं एकदाच बघितलं.

जेवण झालं. वन्संना मी पॅसेजमध्येच चटई घालून दिली, तिथे जरा वारं यायचं. हे हात पुसून आले. स्वयंपाकघरातला दिवा बंद केला, न्हाणीतला बंद केला, मग वाकून त्या जुन्या मशीनचं भिंतीवरचं बटण बंद केलं आणि खाटेवर आडवे झाले. रोज करतात तसं.

वन्संना हसू आलं. "अरे, अजून भोंगा वाजतो का तुझ्या कानात?"

"काय?"

"जेवणाची सुटी झाली की मशीन बंद करायचं! आमचे हेही तसेच. घरात माझा मिक्सर बंद करायचे, मी चटणी वाटत असले तरी." आणि त्यांनी हॉलकडे तोंड करून मोठ्याने म्हटलं, "पोरांनो, तुमचा फोरमन इथे आहे रे! सुटीला मशीन बंद करून झोपतोय बघा!"

हे कूस बदलून म्हणाले, "रिकामं चालतंय, घरघर करतंय. झोपेतून उठलो की लावतो ना परत. रोज लावतो."

हॉलमधला आवाज एकदम थांबला. मुलगा पॅसेजच्या तोंडाशी आला, त्याच्या मागे मित्र. दोघांनी त्या डब्याकडे बघितलं. त्याची घरघर बंद होती. मित्राने मुलाचा हात धरला आणि दोघे परत हॉलमध्ये गेले. मी दाराशी गेले. पडदे चालूच होते. आकडे पळत होते. पोरं उभी राहिली होती, कोणी खुर्चीवर बसेना. मला वाटलं, चालू आहे की सगळं, मग ही अशी का उभी? थोडी मिनिटं गेली. मग एक पडदा थिजला. मग दुसरा. मग सगळे.

मित्राने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "अय्यो," तो म्हणाला. तेवढंच.

मुलगा पॅसेजमध्ये आला. वडिलांना डोळा लागला होता. त्याने वाकून बटण लावलं. मशीन घरघरलं. तो तिथेच बसून राहिला. हॉलमधून मित्राचा आवाज आला, "आलं. सगळी आली."

मग मुलगा स्वयंपाकघरात आला आणि उपड्या घातलेल्या कुडमवर बसला. लहानपणी मार खाऊन आला की असाच बसायचा.

"आई, तुला माहीत होतं बाबा ते बंद करतात?"

"हो. दिवे, पंखा, ते. रोज करतात."

"मग बोलली का नाहीस?"

"मला कोणी विचारलं नाही," मी म्हटलं. उलट बोलायचं म्हणून नाही म्हटलं. खरंच कोणी विचारलं नव्हतं, आणि ते सांगण्यासारखं आहे हे मला कुठून कळणार?

तो हसायला लागला. हसता हसता डोळे पुसले. मग त्याने मला ते सांगितलं, आणि तेव्हा मला पहिल्यांदा त्यांचं काम समजलं.

तो म्हणाला, ऐकणारं मशीन एकदा सांगतं, मला गटात घ्या. मध्ये बसलेला तो स्विच ते लक्षात ठेवतो आणि त्याच्या तारेवर बोलणं सोडतो. पण त्याची आठवण थोडा वेळच टिकते. म्हणून कोणीतरी ठरावीक वेळाने विचारत राहावं लागतं, कोण कोण आहात? मग ज्याला त्याला म्हणता येतं, मी आहे. विचारलंच नाही तर ऐकणारी गप्प राहतात. आपण होऊन सांगायची त्यांची रीत नाही. थोड्या मिनिटांनी स्विचला वाटतं, सगळी गेली. तो बोलणं सोडायचं बंद करतो. ते पॅसेजमधलं मशीन दुसरं काहीच करत नव्हतं. नुसतं विचारत होतं.

"आणि बंद केल्या केल्या मेलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. पण ते थोड्या वेळाने मरतं. तोवर बाबा घोरत असतात."

मला आवडीच्या क्वार्टर्स आठवल्या. संक्रांतीच्या आधी आमच्यातली एक थोरली बाई प्रत्येक लाइनमध्ये फिरून विचारायची, मराठी घर कोणकोणतं आहे अजून, कोण बदलून गेलं, कोण नवीन आलं. क्वार्टर्समध्ये बदल्या सारख्या चालायच्या. ती विचारून जायची, मग हळदीकुंकवाची बोलावणी निघायची. पुढे तिच्याच यजमानांची बदली झाली. त्या वर्षी कोणी विचारायला फिरलं नाही. बोलावणंही आलं नाही. मी घरातच होते, समोरचीही घरातच होती. प्रत्येकीला वाटलं, दुसऱ्या गेल्या असतील. मी मुलाला हे सांगितलं नाही. तो उठून गेला होता.

वन्सं चटईवर उठून बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "म्हणजे माझे पैसे रोज दुपारी झोपत होते म्हण की," त्या म्हणाल्या. मग भावाकडे बघून आवाज खाली आणला. "त्याला काही बोलू नका रे. मुद्दाम केलं नाही त्याने."

मुलाने फक्त त्या बटणावर चिकटपट्टी लावली. चहाच्या वेळेला हे उठले, सवयीने वाकले. बटण चालू होतं आणि वर पट्टी होती. ते तसेच वाकलेले राहिले. हॉलमध्ये पडदे चालू होते. ते कारखान्यात आयुष्य काढलेले, त्यांना सांगावं लागलं नाही. चहाचा कप घ्यायला माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "मी?"

मी मान हलवली.

त्या दिवसापासून त्यांनी घरातली बटणं बंद करणं सोडलं. न्हाणीतला दिवा दिवसभर जळायचा. रिकाम्या खोलीत पंखा फिरायचा. मी बंद करत फिरायची. मला वाटायचं, त्यांनी रागावून एकदा तरी म्हणावं, कोणाचं बिल येतंय? पण म्हणाले नाहीत.

मॅनेजर परत आला. ह्या वेळी अख्खा दिवस बसला, दुपारचं माझ्याकडेच जेवला. काही थांबलं नाही. पुढे गुम्मिडिपूंडीला बसवलं. तिथे ते विचारणारं मशीन कुलपातल्या कपाटात ठेवलं, मित्राने किल्ली कमरेला लावून आणली आणि मला दाखवली. "आता कोणाच्या झोपेशी संबंध नाही, मावशी." सळया धावायला लागल्या. पण पैसे काही धावत आले नाहीत. कारखान्याचं ऑफिस म्हणजे आज सही नाही, उद्या साहेब नाहीत. थोडे आले, पुन्हा खोळंबले. आणि इकडे लग्नाची तारीख आली.

वन्संनी त्यांच्या पतसोसायटीतून कर्ज काढलं आणि लग्न केलं. मला जायची इच्छा नव्हती. गेले, आणि भटारखान्यातच राहिले. तमिळ आचारी होते, त्यांना पुरणपोळीचं कळत नव्हतं, त्यामुळे तिथे बसायला मला कारण मिळालं. नवऱ्याकडची एक बाई आत डोकावून वन्संना म्हणाली, "तुमच्या भावाचा मुलगा काय करतो?" मी पुरणात मान घातली.

"गुम्मिडिपूंडीचा कारखाना त्याच्या डब्यावर चालतो," वन्संनी ठसक्यात सांगितलं. "मोठं काम आहे. मला सांगता येणार नाही."

मला रडू आलं. धूर होता, कोणाला कळलं नाही.

त्यानंतर ह्यांनी एक नेम धरला. पेन्शन आली की त्यातले बाजूला काढायचे आणि आवडीची ट्रेन धरायची. मुलगा म्हणाला, "बाबा, कारखान्याचे येतील तसे मी देतोय ना. तुम्ही पेन्शनला हात लावू नका."

"तू तुझे दे," हे म्हणाले. "बटण मी बंद केलं होतं."

असं ते बराच काळ चाललं. आम्ही भाजी बघून घेतली, सणाला नवं घेतलं नाही, माझी कंबर दाखवायची राहिली ती राहिलीच. मुलाला दुसरी कामं मिळत गेली, ऑफिस हॉलमधून बाहेर गेलं, दिवाण परत आला. मी संक्रांतीला आवडीला जायची ती पैसे घेतल्यापासून जात नव्हते. तिळगूळ घ्यायला त्या घरात कोणत्या तोंडाने जायचं? पहिल्या वर्षी वन्संनी निरोप पाठवला, मी कंबरेचं कारण सांगितलं. पुढच्या वर्षी निरोप आला नाही.

शेवटचा हप्ता द्यायला आम्ही तिघे एकत्र गेलो. मुलाने तसं ठरवलं. वन्संची मुलगी बाळंतपणाला आली होती, पाळण्यात बाळ होतं. मुलाने पाकीट आत्याच्या हातात दिलं आणि पाया पडला. वन्संनी ते उघडलं नाही, उशाखाली सरकवलं.

"झालं का रे सगळं?"

"झालं, आत्या. आता काही राहिलं नाही."

"बरं झालं. तुझ्या बापाला महिन्याच्या महिन्याला बघून मला कंटाळा आला होता. येतो, पाकीट ठेवतो, चहासुद्धा अर्धा टाकतो." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तू? तू आहेस ना अजून? का बदली झाली?"

मी म्हटलं, "आहे."

"मग संक्रांतीला ये."

मी हो म्हटलं. निघायची वेळ झाली. मी चपला घालत होते. हे उठले, दारापर्यंत आले, आणि जाता जाता हात वर करून त्यांनी पंखा बंद केला.

"अरे!" वन्सं आतून ओरडल्या. "मी बसलेय ना अजून इथे! बाळ झोपलंय!"

ह्यांनी दचकून बटण परत लावलं आणि हसले. किती दिवसांनी हसले. आम्ही स्टेशनकडे चालू लागलो. ऊन फार होतं, माझी कंबर दुखत होती. पण वन्संचे पैसे पूर्ण फिटले होते.